काकांनी तपासलेली दोन जगं

काकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडाकडे नाही, चपलेकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही. दारात काढलेली चप्पल काठीच्या टोकानं उलटी केली.

"स्टेशनवरून थेट आले म्हणतेस. मग तळव्याला ओली माती कुठली?"

मी खरं काय ते सांगितलं. बँकेनं सांगलीहून बनारसला बदली केली होती. गंगा कधी पाहिली नव्हती. म्हणून खोली बघायला यायच्या आधी ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवून आले होते.

"मग 'थेट' का म्हणालीस?"

आता खोली जाते असं वाटत असतानाच आतून बाईचा आवाज आला, "गंगेत पाय धुऊन आलीय ना पोरगी? मग राहू दे की."

त्या काकू. त्यांच्या त्या एका वाक्यावर मी त्या घरात सव्वादोन वर्षं राहिले.

मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत काकांचं घर. पाच पिढ्यांपूर्वी कोणी पूर्वज वेद शिकायला म्हणून कोकणातून आले, ते परत गेलेच नाहीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बनारसी हिंदी, आणि काकांच्या तोंडी दोन्हींची खिचडी. ते स्वतः वेदांच्या वाटेला गेले नाहीत. रेल्वेच्या सिग्नल खात्यात निरीक्षक होऊन निवृत्त झाले. सिग्नल हिरवा दिसतो म्हणजे रूळ मोकळा आहे असं धरून चालायचं नाही. दिवा, तार, खटका आणि तो ओढणारा माणूस, हे चारही एकच गोष्ट सांगतात का ते बघायचं. आयुष्यभर हेच काम. नोकरी संपली, पण बघणं संपलं नाही.

दुधाचा संशय तर सगळेच घेतात. काका गल्लीतल्या सांडाचाही घ्यायचे. तो नेमका आमच्याच दारात बसतो, म्हणजे समोरचे त्याला आमच्या बाजूनं पोळी टाकत असणार. माकडांनी गच्चीवरचा माझा ओला टॉवेल नेला तेव्हा, "दोरीवर चार कपडे होते, तुझाच का नेला? मामला सरळ नाही," म्हणाले. घरात दोन पंचांगं होती, एकाची दुसऱ्यावर नजर राहावी म्हणून. आणि रोज दुपारी बरोबर तीन वाजता ते काठी घेऊन राजा घाटापर्यंत पायी जात. चांगलं लांब आहे ते. एकदा मी विचारलं, इतक्या लांब का जाता?

"आपल्या मराठी माणसानं बांधलेला घाट आहे. दगड सगळे जागेवर आहेत का, बघायला नको?"

असा माणूस व्हिडिओ गेम खेळेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. पण ते खेळायला नाही, चौकशी करायला आले.

एका रविवारी मी कानात हेडफोन घालून लॅपटॉपवर खेळत होते. मान वळवली तर दारात काका. किती वेळ उभे होते कुणास ठाऊक.

"बँकेचं काम?"

"खेळ आहे, काका."

"खेळात कोणी जिंकताना दिसत नाही. हरतानाही दिसत नाही. नुसती तू फिरते आहेस."

"असाच असतो तो. मोठं जग असतं, त्यात हवं ते करायचं, हवं तिकडे जायचं."

"हवं ते?" काकांनी खुर्ची ओढली. "असं कोणी कोणाला करू देत नसतं. दाखव."

मी तेव्हा दोन खेळ खेळत असे. एकात सगळं जग ठोकळ्यांचं. माती, दगड, झाडं, सगळे चौकोनी ठोकळे. ते फोडायचे, गोळा करायचे आणि त्यांतून घर, पूल, वाटेल ते उभं करायचं. माणूस म्हणून कोणी नाही म्हटलं तरी चालेल. दुसऱ्यात आयतं शहर. गाड्या, दुकानं, पोलीस, रस्त्यावर शेकडो माणसं. तिथं बांधायचं काही नाही. हिंडायचं, हवी ती गाडी पळवायची, धुडगूस घालायचा. काकांनी दोघांची नावं ठेवली 'ठोकळा' आणि 'शहर', आणि दोघांची तपासणी सुरू केली. दर रविवारी ते वर येत. काकू मागोमाग जिना चढून चहा आणत, गुडघ्यावर हात ठेवून घटकाभर टेकत आणि कप घेऊन जात.

काकांचा जीव शहरावर जडला. कारण तिथं संशय घ्यायला भरपूर जागा होती.

त्या खेळात लोक दुसऱ्यांच्या गाड्या हिसकावून फुटपाथवरून उधळतात. काका प्रत्येक लाल सिग्नलला थांबत. मागच्या गाड्या भोंगे वाजवत, आतले शिव्या देत, काका हलत नसत. "हा सिग्नल बावीस सेकंदांचा आहे, पुढचा अठराचा. कोणी तरी चुकीचा लावलाय," असं म्हणून ते वहीत लिहून ठेवत. एका रविवारी त्यांनी पिवळ्या शर्टाच्या एका माणसाचा पाठलाग केला. अगदी पायी, दहा पावलं मागं राहून. मी कपडे धुऊन आले तरी पाठलाग चालूच. शेवटी चष्मा काढून म्हणाले,

"हा माणूस घरी जातच नाही."

"खेळातला माणूस आहे, काका."

"चार गल्ल्या फिरून परत त्याच कोपऱ्यावर येतो. हातात पिशवी आहे, पण पिशवीत काही नाही. मी पाहिलं, या अख्ख्या शहरात कोणीच घरी जात नाही. दारं नुसती रंगवलेली आहेत." त्यांच्या आवाजात एखादा जुना गुन्हा उघडकीला आल्याचं समाधान होतं. "इतकी माणसं आणि कोणाला घर नाही. मग हे शहर चालवतंय कोण?"

ठोकळ्यात मात्र ते चुळबुळत. मी शिकवलं म्हणून त्यांनी एका टेकडीवर दगडी खोली बांधली. दार लावलं, मशाली लावल्या. दार उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. "इथलं दार खरं आहे," म्हणाले, "पण मीच लावलंय. त्यात तपासायचं काय?"

"तुम्हाला हवं ते बांधायचं. तीच मजा आहे."

"ती तुझी मजा. शहरात कोणी तरी काही तरी लपवून ठेवलंय, ते मी शोधतो. इथं मीच ठेवणार आणि मीच शोधणार? हे म्हणजे स्वतःच्याच घरी झडती घेणं."

पण खोली त्यांनी मोडली नाही. पुढे त्यांनी कोणा जुन्या सहकाऱ्याकडून वापरलेला कॉम्प्युटर आणला, मधल्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी बसवला आणि मी दोन्ही खेळ त्यात घालून दिले. ठोकळ्याचं जग माझ्या खात्यावर होतं, त्यामुळे ते माझ्या लॅपटॉपवरूनही उघडायचं. हे मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितलं. ती माझी चूक झाली.

कारण एक दिवस त्या दगडी खोलीचं दार जागचं हललं.

उत्तरेला होतं, ते पूर्वेला गेलं. काकांनी मला खाली बोलावून दाखवलं. मी म्हटलं, तुम्हीच केलं असेल. ते म्हणाले, मी हात लावलेला नाही. दोन दिवसांनी दाराबाहेर दोन मशाली लागल्या. मग दारापासून टेकडीच्या उतारावर पायऱ्या दिसू लागल्या. आज चार, परवा नऊ. रुंद, सारख्या, मध्ये मध्ये टेकायला सपाट जागा सोडलेल्या. त्या खालच्या नदीच्या दिशेनं निघाल्या होत्या.

काकांनी वहीत नोंदी सुरू केल्या. पायऱ्या किती, कोणत्या वारी. कीबोर्डवर पांढरा दोरा ताणून ठेवायला लागले, घरी आल्यावर तो जागेवर आहे का बघायला. दोरा रोज जागेवर असायचा आणि पायऱ्या रोज वाढलेल्या असायच्या.

"म्हणजे या कॉम्प्युटरवरून होत नाही," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"काका, मी दिवसभर बँकेत असते."

"बँकेतही कॉम्प्युटर असतातच."

मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. त्या दिवसापासून घर बदललं. मी जिना उतरले की मधल्या खोलीतलं बोलणं थांबे. माझ्या खोलीची कडी मी लावते तशी लावलेली नसायची. एकदा माझी बॅग टेबलाच्या डाव्या बाजूची उजव्या बाजूला दिसली. संशय हा लागट असतो, मलाही लागला. मला काकांच्या डोक्याचाच संशय येऊ लागला. सत्तरी जवळ आली होती. आपणच पायऱ्या बांधत असतील आणि विसरत असतील तर? माझ्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं, आधी घरच्यांवर चोरीचे आळ.

काकू घेवड्याच्या शिरा काढत बसल्या होत्या. मी हळूच विचारलं, "काकू, काकांचं हल्ली विसरणं वाढलंय का?"

"ते? ते काय विसरणार," काकू म्हणाल्या आणि शेंगांवरची मान काही वर केली नाही.

मग पायऱ्या पाण्याला टेकल्या, आणि त्या शुक्रवारी संध्याकाळी काकांनी मला दारातच थांबवलं. वही हातात होती.

"महिनाअखेर दुसरीकडे बघ. काय केलंस हे मला नाही कळलं, का केलंस तेही नाही. पण माझ्या पाठीमागं माझ्या घरात कोणी काही करावं, हे मला चालत नाही."

दीड वर्षं एका छताखाली काढल्यावर हे. रागापेक्षा अपमान जास्त झाला. वर जाऊन सूटकेस काढली, परत ठेवली. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, बँक बंद. दुपारी तीनला काका काठी घेऊन निघाले तेव्हा मी चपला घालून दारात उभी होते.

"मीपण येते राजा घाटाला. हा लॅपटॉप, तुमच्याच झोळीत राहू दे. फोनही घ्या. परत आल्यावर काही बदललेलं दिसलं तर तुम्हीच सांगा ते कोणी केलं."

काकांनी झोळी खांद्याला लावली. आम्ही देवळाच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथं ते अचानक थांबले.

"नुसता बदल बघून काय उपयोग? करणारा दिसायला हवा. चल मागं."

बाहेरच्या दाराच्या बिजागऱ्यांना त्यांनी तेल घातलेलं होतं, आवाज झाला नाही. देवडीच्या अंधारात आम्ही दोघं उभे राहिलो. तिथून मधली खोली अर्धी दिसायची. देव्हारा, खुर्ची आणि कॉम्प्युटरचा पडदा.

काकू पदराला हात पुसत आल्या. चष्मा लावला. कीबोर्डवरचा दोरा दोन बोटांनी उचलून, ताण जाऊ न देता, देव्हाऱ्याच्या कडेला अलगद ठेवला. हे त्यांनी इतक्या सवयीनं केलं की काकांचा श्वास मला ऐकू आला.

पडद्यावर दगडी खोलीचं दार उघडलं. मशाली मागं पडल्या. काकू पायऱ्या उतरू लागल्या. एका बोटानं, सावकाश, एकेक. सपाट जागा आली की थांबत, आजूबाजूला बघत, पुन्हा उतरत. शेवटच्या पायरीवर पाण्याशी येऊन त्या उभ्या राहिल्या आणि नुसत्या पाणी बघत राहिल्या. मग पाण्यात पुढे एक चौथरा बांधायला घेतला होता, त्यावर दगड ठेवू लागल्या.

काका देवडीतून पुढे झाले. मला वाटलं ओरडतील. पण त्यांनी निरीक्षकाचाच प्रश्न विचारला.

"पायऱ्या अर्ध्या उंचीच्या का आहेत?"

काकू दचकल्या, पण उठल्या नाहीत. "आज लवकर आलात?"

"अर्ध्या का?"

"पुऱ्या उंचीच्या पायरीला उडी मारावी लागते. मला उडी नको वाटते."

"अगं, खेळात कुठं गुडघे दुखतात?"

"दुखत नाहीत. पण मला माहीत आहे ना."

सहा वर्षं काकू घाटावर उतरल्या नव्हत्या. घरापासून पाण्यापर्यंत पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, पण मध्ये त्या उभ्या पायऱ्या. गच्चीवरून त्या गंगा बघत, हे मी रोज पाहत होते आणि त्यात मला कधी काही दिसलं नव्हतं.

काकांची नजर माझ्याकडे वळली, पण प्रश्न काकूंना होता. "हे सगळं तुला शिकवलं कोणी?"

"तिच्याकडे काय बघता? दर रविवारी ती तुम्हाला शिकवत होती, तेव्हा चहा कोण घेऊन येत होतं?"

काका दुसऱ्या खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "दूधवाल्यावर घेतला, समोरच्यांवर घेतला, हिच्यावर घेतला. तुझा संशय मला आलाच नाही."

"संशय यायला आधी माणसाकडे बघावं लागतं," काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ते वाक्य काकांना होतं, पण लागलं मलाही. त्या घरात दुसरं कोणी खेळत असेल, हा विचार माझ्याही मनात एकदासुद्धा आला नव्हता.

मग काकू माझ्याकडे वळल्या. "तुला जायला सांगितलं, हे मला आज सकाळी कळलं गं. संध्याकाळी सांगणारच होते त्यांना. म्हटलं, सांगितल्यावर हे सगळं बंद होईल. त्याआधी एवढा चौथरा पुरा करून घ्यावा."

त्यांचा मला राग आला का? आला, थोडा. पण चौथऱ्याला अजून तीन दगड कमी होते, आणि त्या ते माझ्यासमोरच लावून मोकळ्या झाल्या.

बंद काहीच झालं नाही. काकांनी खोली सोडायचं पुन्हा काढलं नाही आणि माफीही मागितली नाही. फक्त राजा घाटाची फेरी सकाळी नेली, म्हणजे दुपारी काकूंबरोबर कॉम्प्युटरपाशी बसता यावं. आठवडाभर काकूंच्या शेजारी खुर्ची टाकून नुसते बसले. मग त्यांच्यासाठी दगड फोडून आणायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. "अजून साठ लागतील," काकू सांगत आणि काका डोंगरात शिरत. प्रत्येक नवी पायरी ते तपासून घेत, तो भाग वेगळा.

एकदा त्यांना नदीचाच संशय आला. ही येते कुठून? दोघं होडीत बसून नदीनं वर निघाले. तीन दुपारी त्यात गेल्या. शेवटी नदी एका समुद्राला मिळाली. उलट्या दिशेनं गेले, तिकडेही समुद्रच. काका हबकले. "दोन्हीकडे समुद्र? मग ही वाहते कुठं?" काकूंना मात्र ते फार आवडलं. "उगम नाही, संगम नाही. कुठंही उतरा, सारखीच."

"हिला एकदा शहर दाखव," काका मला म्हणाले. "यात काय आहे?"

"पाहिलंय मी तुमचं शहर," काकू म्हणाल्या. "एकदा गेले होते. एवढी माणसं, पण कोणी विचारत नाही, कुठं निघालात. एका बाईशी बोलायला गेले तर तिनं शिवी दिली. आणि तिथं माझ्यासाठी काही उरलेलंच नाही. सगळं बांधून झालंय."

"म्हणून तर शोधायला मजा."

"तुम्हाला. तुम्ही जन्मभर बाहेर शोधलंत. मला कधी तरी आपलं काही ठेवायचं होतं."

मी मधे पडून म्हटलं, "काकू, एकदा डोली सांगू या. खऱ्या घाटावर नेतील उतरवून." काकांनी लगेच मान डोलावली.

"नको," काकू म्हणाल्या. "तिथं हे प्रत्येक पायरीला 'सांभाळ, सांभाळ' करतात. इथं मी एकटी उतरते." आणि आम्हा दोघांची तोंडं बघून त्या खूप हसल्या. त्यांना इतकं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

पुढच्या वर्षी माझी बदली कोल्हापूरला झाली. निघायच्या दिवशी काकांनी माझ्या सूटकेसची कुलपं दोनदा ओढून पाहिली, गाडीची वेळ तिघांकडून विचारून घेतली आणि मग एक लिफाफा माझ्या हातात दिला. "नव्या घरमालकाला लागेल," म्हणाले.

आत जुन्या वळणाच्या अक्षरात लिहिलं होतं: "सदर बाई माझ्या घरी सव्वादोन वर्षे राहत होत्या. त्या काळात मी त्यांच्यावर सतत संशय घेतला. गैर असे काही आढळले नाही. एकदा आढळले असे वाटले, ती चूक माझी." खाली सही, तारीख आणि शेजारी 'साक्षीदार' असं लिहून सोडलेली मोकळी जागा.

"साक्षीदाराशिवाय कागद पक्का होत नाही," काका म्हणाले आणि पेन काकूंच्या पुढे धरलं.

काकूंनी कागद देव्हाऱ्याच्या पाटावर ठेवला, चष्मा लावला आणि सावकाश पूर्ण नावानं सही केली. इतके दिवस त्या माझ्या लेखी काकू होत्या. त्यांचं नाव मी तिथं पहिल्यांदा वाचलं.

काकांनी कागद उचलून उजेडाकडे धरला. सहीकडे बराच वेळ बघत राहिले.

"ही सही माझ्या ओळखीची नाही," ते म्हणाले.

"नसणारच," काकू म्हणाल्या. "नीट बघून घ्या."